आधी गाडी कुठे उभी राहील ते ठरवा, मग वाट

राजापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. घराला लागून दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी काढल्यात. दिराची बोलेरो आहे. परड्यामागून चढलं की सडा, म्हणजे उघड्या दगडाचं पठार, आणि सड्यावर कातळशिल्पं, दगडात कोरलेली जुनी चित्रं. अमेरिकेतला त्यांचा भाचा यंदा झायनच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आला. तिथे म्हणे बस माणसांना वाटेच्या तोंडाशी सोडते, गाइड फिरवून आणतो आणि खाली दुसरी बस उभी असते. “आपला सडा तरी एप्रिल-मेमध्ये वाळवंटापेक्षा काय वेगळा असतो? आपल्याकडे असं करता येईल का? गाडी घरचीच आहे, तर पाहुण्यांकडून किती घ्यावे? आणि बाईमाणसाने एकटीने लोकांना सड्यावर न्यावं का?” असे त्यांचे तीन प्रश्न.

ताई, रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर माणसं फिरवायला लागून मला सतरा वर्षं झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. फक्त तुम्ही सुरुवात वाटेपासून करताय, ती गाडीपासून करा.

भाच्याने बसचं सांगितलं ते खरं आहे. यूटा राज्यातल्या त्या झायनमध्ये एक खोल, अरुंद दरी आहे, व्हर्जिन नदीने वालुकाश्म कापून केलेली. दरीत रस्ता एकच. वर्षाला ४० लाखांहून जास्त माणसं तिथे जातात. पूर्वी सगळे आपापल्या गाड्या आत घालायचे आणि गाड्या लावायला जागा नाही म्हणून दिवसभर नुसता खोळंबा व्हायचा. म्हणून २००० साली त्यांनी बस सुरू केली. बस चालू असते त्या दिवसांत खासगी गाडी दरीच्या रस्त्यावर सोडत नाहीत. त्या बसला तिकीट नाही, पण शेवटची बस चुकली तर अंधारात मैलोन् मैल तंगडतोड. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे ‘नॅरोज’ म्हणून नदीच्या पात्रातूनच चालायची वाट आहे, वरच्या टोकापासून खालपर्यंत १६ मैल, म्हणजे साधारण २६ किलोमीटर. ही वाट एकदिशा. त्यामुळे खासगी गाडीवाले पहाटे लोकांना वरच्या टोकाला नेऊन सोडतात आणि लोक चालत खाली उतरून उद्यानाच्या बसला लागतात. चाललेलं अंतर परत चालायचं नाही, हे आपण उचलायचं. जवळचं उदाहरण हवं तर कास पठार बघा. फुलांच्या हंगामात तिथेही गाड्या लांब उभ्या करून माणसं बसने नेतात आणि रोजच्या संख्येला मर्यादा ठेवतात.

सड्यावर हे का लागतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचं आपोआप सुचतं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. झायनला ४०० च्या आसपास. तरीही जानेवारीनंतर आपल्या सड्यावर ओंजळभर पाणी मिळत नाही. कारण जांभा. काळ्या कातळातलं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून हा दगड झाला, बाकीचं पावसाने धुऊन नेलं. तो जाळीदार आहे, वर पडलेलं पाणी गाळत खाली सोडतो, आणि ते पाणी सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. म्हणून आपल्या वाड्या उतारावर आणि पायथ्याशी, विहिरी तिथे, पोफळी तिथे. वर माणसाची वस्ती जवळपास नाहीच. म्हणजे पाहुणा वर जितका वेळ राहील तितका तो पाण्यापासून लांब. सावलीही खालीच. वर एखादं काजूचं खुरटं झाड, करवंदाच्या जाळ्या आणि चिरेखाणीची भिंत. ती भिंतही भर दुपारी बाराला सावली देत नाही.

गाडीचं महत्त्व मला कसं कळलं ते सांगतो. दुसरंच वर्ष होतं, एप्रिल महिना. मुलुंडहून आलेलं नऊ जणांचं कुटुंब, त्यात सत्तरीचे एक काका. रेल्वेतून निवृत्त. पहाटेपासून त्यांची कोकण रेल्वेवर अखंड टकळी चालू होती, कुठला बोगदा किती लांब, कुठे कटिंग ढासळतं. साडेनऊला आम्ही ठरलेल्या जागी उतरलो तर गाडी नाही. मी भाड्याने सुमो घेतली होती, फक्त सोडायचे आणि आणायचे पैसे ठरवून. मधल्या वेळात ड्रायव्हरला स्टेशनचं भाडं मिळालं आणि तो गेला. त्याचंही काय चुकलं म्हणा, मोकळं बसायचे पैसे मी दिलेच नव्हते. फोनला रेंज नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. बारकी पोरं चिडचिड करायला लागली, त्यांच्याकडे मी बघत होतो. काका गडग्याला टेकून बसले होते. कधीतरी माझ्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात बोगदा ऐकू आलेला नाही. मला वाटलं, रागावले असतील. जवळ जाऊन हात धरला तर हात घामाने चिकट, गार. “काका, पाणी?” म्हटलं तर नुसती मान हलवली. दोन घोट पाजले ते उलटून पडले. काजूखाली पंचा अंथरून आडवे केले, पाय सॅकवर ठेवले, दुसरा पंचा ओला करून मानेला आणि काखेत लावला. मुलीच्या बाटलीत मीठ घातलेलं कोकम होतं ते चमच्याचमच्याने देत राहिलो. पावणेअकराला सुमो आली. दवाखान्यात सलाइन लावलं आणि संध्याकाळी काका पुन्हा बोगद्यावर आले. तो ड्रायव्हर पुढे माझ्याकडेच कामाला राहिला, पण त्या दिवसापासून मी गाडी फेरीवर घेत नाही, दिवसावर घेतो. गाडी खालच्या टोकाला, सावलीत, तोंड रस्त्याकडे करून उभी, आणि ड्रायव्हर गाडीजवळ.

तेव्हापासून आणखी एक सवय लागली. चालताना मी बोलणाऱ्या माणसाकडे कान ठेवतो. उन्हाचा त्रास तक्रार करणाऱ्याला कमी आणि गप्प होणाऱ्याला जास्त असतो. गप्प झाला, अडखळला, डोकं धरलं की तिथेच थांबायचं. आणि कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून भट्टीसारखं झालं, तर तो उष्माघात. मग कोकम-बिकम विसरा, असेल नसेल ते सगळं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. यूटासारख्या कोरड्या वाळवंटात घाम आल्याआल्या उडून जातो, माणसाला कळतही नाही की तो सुकतोय. आपल्याकडे उलट. हवेतच इतकं पाणी की घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि अंग गार होत नाही. मुंबईकर “आम्हाला दमटपणाची सवय आहे” म्हणतात. त्यांना एसीची सवय असते. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिऊन भागत नाही, मीठ पाहिजे. मी निघायच्या आधी पेज आणि लोणचं देतो, वाटेत मीठ घातलेलं कोकम, खाली गाडीत थंड ताक. माणशी दोन लिटर पाणी पाठीवर, आणि गाडीत वीस लिटरचा कॅन वेगळा.

आता वाट. सकाळची फेरी पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. सूर्य पाठीवर राहतो, आणि समुद्राकडून वारा सुटला की तो समोरून तोंडावर येतो. एवढ्या साध्या गोष्टीने माणसं अर्धी कमी दमतात. वर गाडीने जायचं, सड्यावरून चालायचं आणि शेवट उतरणीला, पाणंदीतून वाडीत किंवा व्हाळाजवळ, जिथे झाडं आहेत. फेब्रुवारीनंतर चार-पाच किलोमीटरच्या वर नको. सव्वासहाला गाडीतून उतरायचं, साडेनऊला गाडीत बसायचं. पाहुणे म्हणतील, सुट्टीत कोण पाचला उठणार. त्यांना संध्याकाळची फेरी द्या. नऊला निघायचा आग्रह धरणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

कातळशिल्पांसाठीही वेळ तीच. खोदलेली रेघ फार खोल नसते. सूर्य डोक्यावर आला की सावली पडत नाही आणि अख्खा हत्ती दगडात गडप होतो. कशेळीचा तो हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. भर दुपारी आणलेली माणसं त्याच्यावर उभं राहून विचारतात, कुठाय हत्ती? सात-साडेसातला उन्हाची तिरीप रेघेत शिरली की सोंड, पाय, शेपूट एकेक करून वर येतं. दाखवताना बोट करू नका. सोंडेपासून सुरुवात करून रेघेच्या बाहेरून गप्प चालत जा आणि पाहुण्यांना मागून यायला सांगा. फेरी पूर्ण होईपर्यंत कुणीतरी स्वतःहून “अरे, हा तर हत्ती!” म्हणतं. त्यासाठीच पहाटे उठवलेलं असतं. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस रेघांत पाणी राहतं, तेव्हाही चित्र छान दिसतं. पण फोटोसाठी खडू, चुना, रांगोळी भरायची नाही आणि रेघेवर पाय द्यायचा नाही, हे गाडीतच सांगून टाकायचं. वर गेल्यावर सांगितलं तर लोकांना वाईट वाटतं.

काळाबद्दल विचारतील. छाती ठोकून आकडा देऊ नका, अभ्यासकांत त्याबद्दल मतभेद आहेत. त्यापेक्षा जे समोर आहे ते सांगा: आज कोकणात गेंडा नाही, पण कातळावर गेंडा आहे. बारसूला माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन गेलात तर चित्राजवळ काटा भरकटतो, पोरांना त्याचं फार. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली ही चित्रं गेली, त्यात कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी ही आपल्या जिल्ह्यातली, शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. एवढी माहिती पुरे. बाकी वेळ लोकांना बघू द्या. बडबड्या गाइडला लोक लगेच कंटाळतात, हे मी स्वतःवरून सांगतोय.

पाऊस ओसरतानाचा सडा हा वेगळाच धंदा आहे, आणि माझ्या मते खरा हंगाम तोच. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. गेंदाची पांढरी चादर, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी, कवल्याची पिवळी. मधेच लाल दवबिंदू, त्याच्या केसांवर चिकट थेंब आणि त्यात अडकलेला डास. लहान मुलांना पोटावर झोपवून भिंगातून हे दाखवा, हत्ती विसरतील. सीतेची आसवंसुद्धा किडे खाते, ती जमिनीखालच्या बारक्या पिशव्यांनी. मातीचा थर इथे बोटभर, नायट्रोजन नाही, म्हणून या वनस्पती मांसाहारी. हाच थर एका बुटाने निघून जातो, तेव्हा उघड्या दगडावरूनच चालायचं. मात्र काळ्या, तुकतुकीत दगडावर पाय टाकायचा नाही, तिथे शेवाळ असतं. तांबूस, खरबरीत दिसेल तिथे टाकायचा.

भीती मला उन्हापेक्षा ऑक्टोबरची जास्त वाटते. परतीचा पाऊस. सकाळ लख्ख असते आणि तीनला सह्याद्रीकडून काळं उठतं. सड्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचा पाहुणा. झायनमध्ये २०१५ च्या सप्टेंबरात अरुंद घळीत उतरलेली सात माणसं अचानक आलेल्या लोंढ्यात गेली. पाऊस आणि पाणी तिथे असं काही मिनिटांत घात करतं. आपल्याकडे तेच काम वीज करते. पहिला गडगडाट ऐकू आला की चित्र अर्धं बघून झालं असलं तरी निघायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही, छत्री मिटायची आणि गाडीत बसून काचा वर करायच्या. पत्र्याची बंद गाडी विजेत बऱ्यापैकी सुरक्षित. म्हणून ऑक्टोबरात माझी गाडी खाली जात नाही, सड्यावरच्या रस्त्याने आमच्या बरोबरीने सरकते, आणि फेरी दोनच्या आत संपते.

फुरसं, हा विषारी साप. त्याच्याशिवाय सडा नाही. वीतभर-हातभर लांब, दगडाच्या रंगाचं, दगडाखाली बसलेलं. अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करतं, तो एकदा ओळखीचा झाला की कान आपोआप टवकारतात. नियम एकच: दगड उचलायचा नाही, न बघता गडग्यावर हात किंवा बूड टेकायचं नाही. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हालचाल बंद, गाडीत आडवं, आणि थेट जिथे सर्पदंशाची लस आहे त्या रुग्णालयात. आपल्या फेरीच्या टोकापासून असं रुग्णालय कुठलं आणि गाडीला तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, हे दिराला एकदा प्रत्यक्ष जाऊन मोजायला सांगा. लस आहे ना, हे हंगामाच्या सुरुवातीला तिथे विचारून या.

परवानगीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी सांगतो. सडा मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचाच नसतो असं नाही. सातबाऱ्यावर पन्नास नावं, त्यातली चाळीस मुंबईत. गावकीच्या बैठकीत विषय काढा, मानकऱ्यांना सांगा, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवा. नारळाने कागद होत नाही, पण नारळ नसला तर कागदाचाही उपयोग होत नाही. आंबा बागेतून वाट जात असेल तर फेब्रुवारी ते मे ती टाळा. आंब्याच्या दिवसांत रखवालदार असतात, त्यांचे कुत्रे मोकळे असतात, आणि पाहुण्याने पडलेला एक आंबा उचलला तरी नाव तुमचं जातं. बेडं उघडलं तर मागच्याने बंद करायचं, नाहीतर गुरं आत.

आता पैसे. दिराची बोलेरो पांढऱ्या पाटीची असेल तर तिच्यातून पैसे घेऊन पाहुणे नेता येत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो, तो नसेल तर दंड आहेच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. “घरचीच गाडी आहे, पाहुणे ओळखीचेच आहेत” हे सगळे म्हणतात. एकतर परवाना काढून पाटी पिवळी करून घ्या, नाहीतर गावातल्या पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्याशी दिवसावर ठरवा. पहिल्या वर्षी मी दुसरं सुचवीन. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या फेरीला ती लागू होते का, हे तिथल्याच कचेरीत जाऊन लेखी घ्या.

दर माणशी ठरवण्याआधी गाडीमागे हिशेब करा. समजा गाडी दिवसाला ३५००, तुमची मजुरी १५००, सोबतीच्या माणसाचे ८००, न्याहारी-ताक-कोकम ८००, गावकीला ४००. झाले ७०००. सात पाहुणे आले तर माणशी १०००, तीन आले तर खिशातून. म्हणून चार जणांच्या खाली पूर्ण गाडीचा दर सांगायचा. तो न परवडणाऱ्यांना दुसऱ्या कुटुंबाशी जोडून द्यायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. सातच्या वर मात्र घेऊ नका. एका गाडीत न मावणारी टोळी सड्यावर एका माणसाला सांभाळता येत नाही, हे माझं अनुभवाचं माप आहे. आणि गावकीचा वाटा पहिल्या फेरीपासून द्या. चार वर्षांनी धंदा दिसायला लागल्यावर मागायला येतील तेव्हा भांडण होतं.

बाईमाणसाने न्यावं का? ताई, सड्यावर लाकूडफाट्याला, काजूला, करवंदाला कोण जातं? मला पहिल्या वर्षी ज्या मावशींनी वाटा दाखवल्या त्या डोक्यावर भारा घेऊन, अनवाणी, माझ्या पुढे चालत होत्या आणि मी नवे बूट घालून मागे. तेव्हा न्यायचं की नाही हा प्रश्नच नाही. एकटीने मात्र नको, आणि हे मी पुरुष गाइडलाही सांगतो. एक पुढे, एक शेवटी. कुणाचा पाय मुरगळला तर एकाला त्याच्यापाशी बसायचं असतं आणि दुसऱ्याला बाकीच्यांना गाडीपर्यंत न्यायचं असतं. तुमच्या जावेला किंवा वाडीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीला तयार करा. गळ्यात शिट्टी, दोघींच्याही. रेंज नसते तिथे तीन शिट्ट्या म्हणजे थांबा, आणि खालून गाडीचे तीन लांब हॉर्न म्हणजे आम्ही आलोय.

पैसे घेऊन पाहुणे न्यायच्या आधी तीन-चार फेऱ्या फुकट काढा. त्यासाठी गणपतीसारखा मुहूर्त नाही. सडा तेव्हा फुललेला असतो आणि मुंबईचे चाकरमानी घरात बसून कंटाळलेले असतात. त्यांना न्या. उशिरा उठतील, चप्पल घालून येतील, पाणी विसरतील, अर्ध्या वाटेत चहा मागतील आणि घरी आल्यावर काय काय चुकलं ते पंगतीत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतील. ते सगळं लिहून ठेवा.